झिपरू आबांचा डिस्चार्ज

झिपरू आबांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता आणि तो त्यांनी जन्मभर वापरला. मी चौथी शिकलेली बाई, मला इंग्रजी येत नाही. पण तो एक शब्द त्यांच्यामुळे मीही शिकले. शिकून काही भलं झालं नाही. विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही, म्हणून लिहिते.

धुळ्यात आमचा दवाखाना नदीच्या अंगाला होता. त्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं गेली, पण त्यांची मुलंबाळं आहेत. नवरा मेल्यावर मी जामनेरकडून धुळ्याला भावाकडे आले. वहिनीला माझी अडचण झाली, म्हणून भावानं खटपट करून मला त्या दवाखान्यात आया म्हणून लावलं. आबा तेव्हा तिथं ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. डॉक्टर कापायचे आणि पुढचं सगळं आबांच्या हाती.

उंच, वाळलेला माणूस. डाव्या कानाची पाळी नव्हती. ती लढाईत गेली एवढंच कळलं, कशी गेली ते विचारलं की म्हणायचे, "तुले काय करनं शे?" वॉर्डात अनवाणी फिरायचे, त्यामुळे कधी मागे येऊन उभे राहिले ते कळायचं नाही. जखमा धुवायच्या कार्बोलिकचा वास त्यांच्या अंगात इतका मुरला होता की बाजारात भाजीवाली तोंड फिरवून भाव सांगायची.

ते गोड माणूस नव्हते. जखम धुताना कोणी रडला तर धुतलेल्या पट्टीचा बोळा त्याच्या तोंडात कोंबायचे आणि काम चालू ठेवायचे. आजाऱ्याशी बोलायचे नाहीत, जखमेशी बोलायचे. पट्टी सोडण्याआधी नाक जवळ नेऊन वास घ्यायचे. मग म्हणायचे, "आज बरी शे." आणि कधी काहीच म्हणायचे नाहीत. ते गप्प राहिले की नातेवाईक बाहेर जाऊन रडायला लागत. डॉक्टरांनी काही सांगायची वाट कोणी बघत नसे.

आता तो शब्द.

पहिल्या मोठ्या लढाईत आबा पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेले होते. बंदूक नाही, डोली उचलायला. पडलेल्यांना उचलून तंबूत आणायचं, तिथंच ते पट्टी बांधायला शिकले. लढाई संपल्यावर मुंबईच्या गोदीत त्यांना रांगेत उभं केलं. एकेकाचं नाव पुकारायचे, गोरा साहेब म्हणायचा "डिस्चार्ज", आणि बाजूचा कारकून हातात एक करडं कांबळं द्यायचा. एक कागदही दिला होता, तो आबांनी वाटेत तंबाखू बांधायला घेतला. कांबळं तेवढं घरी आणलं. बायकोनं विचारलं, हे काय? आबांनी सांगितलं, डिस्चार्ज.

मग त्यांच्या घरी त्या कांबळ्याचं तेच नाव पडलं. "सुपडूले डिस्चार्ज पांघर, गारठा शे." गल्लीतल्या बायका पाहुणे आले की मागायला येत, "आबा, आज रातले तुमना डिस्चार्ज द्या." मी स्वतः ऐकलेलं आहे. सरकारनं एवढं जाड, उबदार कांबळं दिलं म्हणून आबांना त्या शब्दाचा अभिमान होता.

पुढे दवाखान्यात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर फेरीवर असताना म्हणाले, "झिपरू, खिडकीकडच्या म्हाताऱ्याला डिस्चार्ज दे." वैशाख होता. धुळ्याचा वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. आबांनी कपाटातून कांबळं काढलं आणि म्हाताऱ्याला गळ्यापर्यंत पांघरलं. म्हातारा बोलेना, सरकारी माणसानं पांघरलं म्हणजे काही औषध असेल. दुपारी डॉक्टर परत आले तर तो घामानं निथळतोय आणि त्याची सून पंख्यानं वारा घालतेय. डॉक्टर हसत खाली बसले. आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग डिस्चार्ज म्हणजे काय?"

"म्हणजे बरा झाला, घरी जाऊ दे."

आबा म्हणाले, "मी काही बरा व्हयेल नव्हतू."

तेव्हापासून त्यांना छंदच लागला. इंग्रजी शिकलेला कोणी वॉर्डात आला की पट्टी बांधता बांधता विचारायचे, या शब्दाचा मूळ अर्थ काय? आणि ज्याचा जो धंदा तो तेच सांगायचा. डॉक्टर तर एकाच माणसाबद्दल एकाच दमात म्हणायचे, "याला डिस्चार्ज आहे, म्हणून आज डिस्चार्ज नाही." जखमेतून पू येतो तोही डिस्चार्ज आणि पू थांबल्यावर घरी जायचं तोही डिस्चार्ज. पाटबंधाऱ्याचा एक ओव्हरसियर हिवतापानं पडला होता. तो म्हणाला, नदीतून किती पाणी वाहतं त्याला डिस्चार्ज म्हणतात. आबा म्हणाले, "पानीलेबी कांबळं देतस का?" एका मोटार ड्रायव्हरनं सांगितलं की बॅटरी मेली म्हणजे ती डिस्चार्ज झाली. आबांनी त्याची पट्टी पुरी बांधली. मग मला म्हणाले, "मथुरा, साहेबनी माले कोनता दिधा व्हता?"

मी म्हटलं, "तुम्हाला कांबळं दिलं ना? मग झालं."

त्यांची दुसरी एक रीत होती. आपल्याकडे घरातून निघताना माणूस "येतो" म्हणतो. "जातो" म्हणणं अशुभ, ते मरणाऱ्यानं म्हणायचं. आबांनी दवाखान्यात हे उलटं केलं होतं. बरा झालेला माणूस सवयीनं "येतो आबा" म्हणाला की दारात आडवे उभे राहायचे. "कोठे येस? आठे? परत येवाले हाई तुनी सासुरवाडी शे? जातो म्हण." आणि तो "जातो" म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत.

पाचोऱ्याच्या एका व्यापाऱ्याची आई पायाचं गळू कापून घेऊन निघाली होती. म्हातारी सोवळ्याची. ती म्हणाली, "मी जाते म्हणणार नाही. तोंडातून तसलं काढणार नाही." आबा दारातून हलेनात. बाहेर टांगा उभा, मुलगा घड्याळ बघतोय, टांगेवाला ओरडतोय. मुलानं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "झिपरू, हा काय पोरखेळ आहे?"

"साहेब, तुमी कागदवर सही करतस. मनी सही ही."

शेवटी म्हातारी तोंडावर पदर घेऊन कसंबसं पुटपुटली, "जाते रे मेल्या." आबा लगेच बाजूला झाले आणि तिच्या पाया पडले. टांगा गेल्यावर मला म्हणाले, "ही आते परत नही येवाव." ती आली नाही. पण आले तेही पुष्कळ होते आणि त्यांनीही जाताना "जातो" म्हटलेलंच होतं. हे मी आबांना एकदा दाखवून दिलं. ते म्हणाले, "मनपासून म्हनेल नसी."

आता सुपडूचं सांगते.

आबांची बायको मी यायच्या आधीच पटकीनं गेली होती. सुपडू हा एकुलता एक. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मताच त्याला सुपात घालून उकिरड्यापर्यंत नेऊन आणलं होतं, नावही त्यावरूनच. मोठा झाल्यावर तो मिलमध्ये कामाला लागला. बापासारखाच उंच, पण तोंडानं मोकळा. संपात पुढे होता. संप मोडला आणि मिलनं त्याला काढून टाकलं. त्या दिवशी तो वॉर्डाच्या दारात येऊन मोठ्यानं म्हणाला, "आबा, तुमच्या शब्दात अजून एक भर घाला. मलाही डिस्चार्ज दिला मिलवाल्यांनी. कांबळं मात्र दिलं नाही."

आबांनी हातातलं काम थांबवलं नाही. "तुनं नाव लिखी घिदं का त्यास्नी?"

"लिहिलं असेल."

"मग वाईट व्हयनं."

ते खरं ठरलं. बेचाळीसच्या धामधुमीत रेल्वेजवळच्या तारा कोणीतरी तोडल्या. तोडणारे कोण ते मला माहीत नाही. सुपडू तिथं होता की नव्हता तेही त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पोलिसांनी नावं काढली आणि संपातली पोरं उचलली. सुपडू पळाला, रुळाच्या खडीवर पडला आणि उजवी नडगी हाडापर्यंत फाटली. त्याच्याबरोबरच्या दोघांना पकडून तुरुंगात टाकलं. सुपडूला आधी तुरुंगात नेलं. पाय सुजून रंग बदलायला लागला तेव्हा आमच्याकडे आणलं, एका पायात बेडी, ती खाटेला अडकवलेली.

बापानंच पोराचा पाय धुतला. बोळा तोंडात कोंबावा लागला नाही, सुपडूनं तो स्वतःच मागून घेतला.

पहाऱ्याला गफूर नावाचा शिपाई होता, पिंजारी गल्लीतला. बडबड्या, पण मनानं बरा. खाटेच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसायचा. आबांचा छंद कळल्यावर तो म्हणाला, "आबा, आमच्याकडे बी हाय तुमचा शब्द. बंदूक उडली ना, की साहेब रिपोर्टात लिवतो, डिस्चार्ज झाली. मानूस मेला असं लिवत नाय."

सुपडू म्हणाला, "गफूरभाई, तुमची ती कधी उडाली होती का?"

"माझी? आरं, माझ्या बंदुकीत चिमणीनं घरटं केलंय."

दोघं हसले. आबाही हसले असावेत, तोंड खाली होतं.

हसण्यासारखं तेवढंच होतं. त्या दिवसांत तुरुंगात रक्ताची हगवण पसरली होती. तिथून दोन माणसं आमच्या वॉर्डात आणली होती आणि दोन्ही चादरीत गुंडाळून गेली. आबांनी त्यांना धुतलं होतं. तिथं पाणी कसलं, जागा किती, हे त्या माणसांनी मरायच्या आधी सांगितलं होतं. शिवाय चौकशीच्या नावाखाली पोरांना मारत होते तेही सगळ्यांना माहीत होतं. आबांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. सुपडू परत तिथं गेला की संपला.

वकिलानं सांगितलं होतं की पुरावा काही नाही, कोर्टात पोरं सुटतील. आबांनी वकिलालाही विचारलं की कोर्टात सुटण्याला काय म्हणतात. वकील म्हणाले, "डिस्चार्ज. खटलाच उभा राहत नाही म्हणून सोडून देणं. निर्दोष ठरवणं वेगळं."

"म्हंजे गुन्हेगार नही, आन निर्दोषबी नही?"

"तसंच समजा."

आबा वॉर्डात येऊन मला म्हणाले, "मथुरा, आते दोन डिस्चार्ज शेतस. कोर्टना आन दवाखानाना. कोर्टना पहिले येवाले पायजे." सगळी गोष्ट एवढीच होती. दवाखान्यानं आधी सोडलं तर सुपडू बेडीसकट तुरुंगात जाणार. कोर्टानं आधी सोडलं तर घरी.

आणि पाय बरा होत चालला होता. आबांचाच हात होता तो, बरा न व्हायला काय झालं? पू थांबला, कडेनं लाल मांस भरायला लागलं. डॉक्टर खूश. म्हणाले, "झिपरू, तुझ्या पोराचं कातडं चिवट आहे. दोन-तीन दिवसांत सोडू. पोलीस रोज खाट मागतायत माझ्याकडे." कोर्टाची तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यात होती.

आबांनी विनवलं. डॉक्टर म्हणाले, "मी काय लिहू? जखम भरली तरी भरली नाही असं लिहू? उद्या सिव्हिल सर्जन येऊन पाय बघेल." ते वाईट नव्हते. घाबरट होते, आणि त्या दिवसांत कोण नव्हतं?

दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा उघडी होती. कडा सुजलेल्या, वर फोड, आणि पू. डॉक्टर वाकून बघत राहिले. "काल तर कोरडी होती." आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "काय माहीत साहेब." डॉक्टर त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि मग कागदावर लिहिलं, डिस्चार्ज चालू आहे. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं.

मला तर कळलंच. आबांचा उजवा अंगठा काळा पडला होता. बिब्ब्याचा डाग धुतला तरी जात नाही, हे परटालाही माहीत असतं आणि बाळंतिणीची कामं केलेल्या बाईलाही. बिबा तापवून सुई टोचली की तेल निघतं, ते कातड्याला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. आबांनी हे पलटणीत पाहिलं होतं. घरी जाण्यासाठी माणसं मुद्दाम जखमा चिघळत ठेवायची. कोणी बिबा लावायचं, कोणी आणखी काय काय. आबा त्यांच्या पट्ट्या बांधायचे आणि साहेबाला सांगायचे नाहीत.

मी त्यांना मोरीजवळ गाठलं. म्हटलं, "आबा, अंगठा दाखवा."

त्यांनी मूठ मिटली.

मी म्हटलं, "आगीशी खेळताय. हाडापर्यंत गेलेली जखम आहे ती. विष वर चढलं तर कोणाचा बाप उतरवणार नाही."

"माले शिकाडस? पंचवीस वरीस व्हयनात पट्ट्या बांधस मी."

"म्हणूनच सांगतेय."

"थोडासा लावस. कोर्टनी तारीख व्हई जाऊ दे, मंग आठ दिनमा भरी काढसू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याले सांगेल शे. तोच म्हने, लावा."

मी डॉक्टरांना सांगितलं नाही. आजही सांगितलं नसतं. मी सांगून पोरगं तुरुंगात गेलं असतं, आणि ते मला आबांइतकंच स्पष्ट दिसत होतं.

तारखेच्या दिवशी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, कांबळं खांद्यावर टाकलं आणि कोर्टात गेले. दुपारीच परत आले. मॅजिस्ट्रेटसाहेब दौऱ्यावर गेले होते. पुढची तारीख पडली होती.

सुपडूनं बापाचं तोंड बघितलं आणि समजला. त्यानं पाय पुढे केला. गफूरनं स्टूल उचललं, "मी जरा बिडी वडून येतो" म्हणाला आणि वॉर्डाबाहेर गेला. शिपायाला पहारा सोडायची परवानगी नव्हती. त्यानं सोडला आणि बराच वेळ आला नाही.

त्यानंतर काही दिवस असंच चाललं. जखम भरू लागली की बिबा, फार सुजली की आबा रात्रंदिवस बसून शेकायचे, धुवायचे, बोरिकची पूड भरायचे. एका हातानं बिघडवायची आणि दुसऱ्या हातानं सांभाळायची. माझ्या उभ्या जन्मात मी असं काम पाहिलं नाही, पाहायचंही नाही. आबा जखमेचा वास घ्यायचे आणि काही म्हणायचे नाहीत. रोजच गप्प. सुपडूच्या गमती कमी झाल्या. एकदा मी पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाला, "मावशी, आबांना सांगा, आता पुरे. तुरुंग परवडला." मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "परवाले तारीख शे. एक डाव आखो."

ती शेवटची वेळ होती. त्या संध्याकाळी सुपडूला थंडी वाजली आणि ताप चढला. सकाळी मांडीपर्यंत लाल रेघ गेली होती. आबांनी ती रेघ बोटानं गुडघ्यापासून वर मोजल्यासारखी चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही ती रेघ वाचता येत होती. असल्या विषावर चालणाऱ्या सल्फाच्या गोळ्या तेव्हा सगळ्या लढाईवर जात होत्या. डॉक्टरांनी स्वतःच्या कपाटातून होत्या तेवढ्या काढून दिल्या. पाय कापायचं ठरवलं, पण ताप उतरल्याशिवाय कापता येईना आणि ताप उतरेना.

तारखेच्या दिवशी आबा कोर्टात गेले नाहीत. दुपारी वकीलच वॉर्डात आले. घाईनं आले होते, टोपी हातात. म्हणाले, "झिपरूआबा, सुटला तुमचा मुलगा. तिघंही सुटले. डिस्चार्ज."

त्यांच्या मागोमाग ती दोन पोरं आली. सुपडूबरोबर पकडलेली, इतके दिवस तुरुंगात असलेली. हाडं निघालेली, डोक्यात उवा, एकाचे पुढचे दोन दात गेलेले. पण दारातून आपल्या पायांनी चालत आली आणि सुपडूच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. एकजण म्हणाला, "ऊठ रे सुपड्या, चल घरी."

सुपडू शुद्धीवर नव्हता. आबा त्या पोरांच्या तोंडाकडे बघत नव्हते. खाली, त्यांच्या पायांकडे बघत होते. चारही पाय धड होते.

गफूरनं बेडी काढली. किल्ली लवकर फिरेना. "अल्ला माफ करे," एवढंच म्हणाला.

सुपडू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. डॉक्टरांनी रक्तात विष झालं असं लिहिलं. खोटं नव्हतं. आबांनी स्वतः त्याला धुतलं, पायाची पट्टी बदलली. मेलेल्या माणसाची पट्टी कोणी बदलत नाही, त्यांनी बदलली, नवीन लिंटचं कापड घालून, कडा दुमडून. मग घरून आणलेलं करडं कांबळं त्याच्या अंगावर घातलं. कोणी रडलं तर आबा बोळा कोंबतील अशी भीती वाटावी, इतकी सगळी गप्प होती.

मढ्यावरचं पांघरूण कोणी घरी आणत नाही. स्मशानातून येताना आबांनी ते काढून घेतलं आणि घरी आणलं. गल्लीतल्या बायका परत कधी मागायला आल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर ते कामावर आले. हात तोच, काम तेच. जखमांशी बोलणं मात्र बंद झालं. आणि बरा झालेला माणूस दारातून "येतो आबा" म्हणून गेला, तर ते अडवायचे नाहीत. नव्या लोकांना ती रीत माहीतच नव्हती. शब्दाचा अर्थ विचारणंही संपलं. एकदा डॉक्टरांनीच आपण होऊन सांगितलं. बदली होऊन चालले होते, निरोप घेताना म्हणाले, "झिपरू, तू विचारायचास ना? सगळ्या अर्थांच्या तळाशी एकच आहे. आत धरून ठेवलेलं सोडून देणं. पू असो, पाणी असो, गोळी असो, माणूस असो."

आबा म्हणाले, "बरं साहेब." मी शेजारी उभी होते. डॉक्टरांनी आबांच्या हातांकडे पाहिलं नाही, हे मी पाहिलं.

पुढे आबांची नजर गेली आणि दवाखान्यानं त्यांना कामावरून कमी केलं. ज्या कागदावर अंगठा घेतला त्यावर तोच शब्द होता असं कारकुनानं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. त्यांचा अंगठा तेव्हा स्वच्छ होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्वराज्य आलं त्या वर्षी. दवाखान्यात कागदाच्या पताका लावल्या होत्या, त्या पावसानं भिजून रंग भिंतीवर उतरला होता. बाहेरच्या आजाऱ्यांच्या बाकावर आबा बसले होते. कांबळं खांद्यावर, उजवा पाय पुढे पसरलेला. नवा ड्रेसर तरुण होता, नाशिककडचा. मला म्हणाला, "मावशी, हे आजोबा दर आठवड्याला येतात. नडगीवरची जखम आहे. भरत आणली की पुन्हा फुटते. डिस्चार्ज काही थांबत नाही. साखरेचा आजार असेल का?"

मी जाऊन आबांच्या शेजारी बसले. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. जखम मी पाहिली. सुपडूची जिथं होती तिथंच, त्याच उंचीवर. मग मी त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि उलटा केला. अंगठा काळा होता.

"आबा, आता बस करा."

त्यांनी हात ओढून घेतला नाही. म्हणाले, "भरी गई तं मंग आठे येवाले नको म्हनतीन."

"मग नका येऊ. कशाला यायचं इथं?"

ते वॉर्डाकडे तोंड करून बसले. सुपडूची खाट खिडकीपाशी होती. तिथं आता दुसरं कोणी होतं, खोकत होतं. आबांनी त्या खोकल्याकडे कान दिला, जणू त्यावरूनही काही कळतंय.

नव्या ड्रेसरनं पट्टी बांधली. सैल बांधली होती. आबांनी ती चाचपली, सोडली आणि स्वतः पुन्हा बांधली, कडा दुमडून. मग कांबळं सावरून उठले. मी दारापर्यंत गेले. पाऊस थांबला होता. मी थांबले, कारण मला वाटलं, इथं तरी ते आपली रीत पाळतील. एकदा "जातो" म्हणतील आणि सुटतील.

उंबऱ्यावर त्यांनी पाय टेकला, चौकट हातानं धरली.

"येतो, मथुरा," म्हणाले, आणि उतरून गेले.